भात निवायच्या आत

सर, तुम्ही गेल्यापासून तुमच्याविषयी पुष्कळ छापून आलं. झाशीच्या कॉलेजातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक दिल्लीला गेला आणि देशाच्या राजकारणात किती उंच चढला, हे सगळ्यांनी लिहिलं. तुमची भाषणं, तुमची खाती, तुमचा जाडा चष्मा, सगळं आलं. पण भाताबद्दल कोणीच लिहिलं नाही. ज्यांना ते माहीत होतं ते वर्तमानपत्रांत लिहिणारे नाहीत, आणि लिहिणाऱ्यांना तुम्ही त्या पंगतीला कधी बसवलं नव्हतं.

काल तुमचा तेरावा झाला. काल काकूंनी जे केलं ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर पेरूंपासून सुरुवात करावी लागेल.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तुम्ही हजेरी घेताना माझ्या आडनावाशी थांबलात. "मराठी?" तुम्ही विचारलंत. मी घाबरून "हओ" म्हणाले. सगळा वर्ग हसला. आमच्या रेल्वे कॉलनीत घरात मराठी आणि दाराबाहेर बुंदेली, त्यामुळे घाबरलं की जे आधी तोंडात येईल ते बाहेर पडायचं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "रविवारी दतिया गेटपाशी आमच्या घरी जेवायला ये. येताना एक हरकत घेऊन ये. या आठवड्यात मी जे शिकवलं त्यातलं तुला न पटलेलं काहीतरी. रिकाम्या हाताने यायचं नाही."

बाबांना एवढंच कळलं की प्रोफेसरांकडे जेवायला बोलावलंय आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, होते. जळगावकडून ते इकडे बदलून आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. तुमचं घर त्यांच्या लेखी फार मोठं होतं. पेशव्यांच्या काळापासून इथे असलेली तुमची माणसं, आणि आम्ही क्वार्टरवाले. आपल्या पोरीला तिथे कुठे बसवतील, याची त्यांना काळजी होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पहाटे बाजारात जाऊन निवडून पिशवीभर पेरू आणले आणि माझ्या हातात दिले.

तुम्ही पिशवीत डोकावून म्हणालात, "हे काय? मी हरकत सांगितली होती."

"असू दे हो, पेरू चांगले आहेत," असं म्हणत काकूंनी पिशवी घेतली आणि मला तुमच्यासमोरच्या पाटावर बसवलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझं पान सगळ्यांत शेवटी वाढलं गेलं, आणि तेव्हा मला तुमच्या घरचा नियम कळला. ज्याने हरकत आणली असेल त्याचं पान आधी वाढायचं. गरम भात, वर वरण, वर तूप. आणि तो भात निवायच्या आत तुम्ही उत्तर द्यायचं. तुमचं उत्तर होईपर्यंत कोणीही घास घ्यायचा नाही, तुम्ही तर नाहीच. भात निवला की नाही हे काकू ठरवायच्या. ओगराळं डाव्या हातात धरून त्या वाकायच्या, उजव्या हाताच्या बोटाची उलटी बाजू भाताच्या मुदीला लावायच्या आणि सांगायच्या, "अजून वेळ आहे," किंवा, "निवला हं." निवला म्हणजे तुम्ही हरलात. मग तो पोरगा किंवा पोरगी जेवायला लागायची, आणि सोमवारी वर्गात तुम्ही ते सांगायचे.

पुढच्या रविवारी मी हरकत नेली. तुम्ही शिकवलं होतं की वस्तू महाग झाली की माणूस ती कमी घेतो. मी म्हणाले, सर, आमच्या कॉलनीत पगाराच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या बायका साखर सुटी घेतात, पुडीची. पुडीची साखर पोत्याच्या साखरेपेक्षा महाग पडते. म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे तोच महाग घेतो. मग तुम्ही फळ्यावर काढलेली ती मागणीची रेघ आमच्या घरी का लागू पडत नाही?

काकूंनी माझ्या पानावर भात वाढला. तुम्ही त्या वाफेकडे बघत राहिलात. दोनदा तोंड उघडलंत आणि मिटलंत. एक मुलगा खुसुखुसू हसत होता. तूप भातात मुरून गेलं, काकूंनी बोट लावलं आणि त्या म्हणाल्या, "निवला हो तुमचा." तुम्ही हात जोडलेत. मला. मी अठरा वर्षांचीही नव्हते तेव्हा. सर, त्या गार भातासारखं जेवण मी पुन्हा जेवलेले नाही.

बाबांनी माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा तुम्ही आमच्या क्वार्टरवर आलात ते आठवतं ना? बाबा खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकले होते, कारण तुम्ही त्यांना उभं राहू देत नव्हतात. "लग्न जरूर करा," तुम्ही म्हणालात. "मी जेवायला येईन. पण हिचं माझ्याशी एक भांडण चालू आहे. ते संपायला अजून दोन वर्षं लागतील. त्याला एम.ए. म्हणतात." बाबा आधी घाबरले, मग हसले. बाबांना असं खळखळून हसताना बाहेरच्या कोणी पाहिलं असेल तर ते तुम्हीच. मी आज ज्या कॉलेजात शिकवते, तिथली खुर्ची त्या हसण्यातून आलेली आहे. हे तुम्हाला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. तुम्ही आभार मानूच द्यायचे नाहीत. "पेरू नकोत, मंदा," म्हणायचे.

पेरू हा आपला शब्द झाला होता. तुम्हाला दिल्लीच्या आयोगावर घेतलं, मग पक्षात घेतलं, मग तुम्ही खासदार झालात आणि रविवार विरळ होत गेले. तुम्ही आलात की मी विचारायची, "दिल्ली कशी आहे सर?" तुम्ही म्हणायचे, "सगळे पेरू घेऊन येतात." राजकारणात का गेलात, असं मी एकदा सरळच विचारलं. तुम्ही म्हणालात की अहवाल लिहून लिहून कंटाळलो. "अहवाल इतके नीट ठेवतात, की त्यावर कोणी हरकतसुद्धा घेत नाही." त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याशा सभेत तुम्ही आपल्या झाशीच्या मराठीत बोललात आणि लोक हसले. घरी येऊन तुम्ही काकूंना त्याची नक्कल करून दाखवलीत. तुम्हाला त्याचं वाईट वाटलं होतं, हे काकूंना कळलं आणि मलाही कळलं.

मग तो निर्णय आला.

काही वस्तू फक्त छोट्या कारखान्यांनीच बनवायच्या, असा जुना नियम होता. मंत्री झाल्यावर तुम्ही तो उठवलात. आता मोठ्या कंपन्याही त्या वस्तू बनवू शकणार होत्या. त्यात बादल्या होत्या. माझा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, झाशीबाहेरच्या बिजौलीत पत्र्याच्या बादल्यांच्या कारखान्यात होता. मला शिकता यावं म्हणून तो दहावीनंतर तिथे लागला होता. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही स्वतः घेतलात, आणि शांतपणे बोललात. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, "मंदा, बादली करणाऱ्यांची संघटना असते. बादली घेणाऱ्या बाईची संघटना नसते. ती वर्षानुवर्षं गळकी बादली महाग घेते, आणि तिच्या बाजूने कोणी मंत्र्याला फोन करत नाही. पुडीची साखर तूच मला शिकवलीस."

मी म्हणाले, "सर, बिजौलीत बादली घेणारी बाई आणि करणारा माणूस एकाच घरात राहतात."

तुम्ही म्हणालात, "म्हणूनच हा निर्णयाचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा येतोय. जे कारखाने बंद पडतील तिथल्या माणसांसाठी नवं काम, नवं शिक्षण. त्याचा मसुदा तयार आहे."

"मग दोन्ही अर्धे एकदम का नाही आणत?"

"रविवारी ये," तुम्ही म्हणालात. "मी झाशीला येतोय. जेवताना बोलू."

त्या रविवारी दतिया गेटच्या गल्लीत तुमच्या गाड्याच मावत नव्हत्या. पंगत होती, पण जिल्ह्याचे अधिकारी होते, पक्षाची माणसं होती, फोटोवाले होते. मी कोपऱ्यातल्या पानावर बसले. आणि तरी बोलले, सर. सगळ्यांसमोर, मराठीत, तेच विचारलं. दुसरा अर्धा हातात नसताना पहिला का सोडलात?

काकू भाताचं भांडं घेऊन माझ्याकडे वळल्या होत्या. तेवढ्यात तुमच्या शेजारचा एक अधिकारी अदबीने म्हणाला, "माताजी, पहले मंत्रीजी. इन्हें दो बजे निकलना है." काकू थांबल्या. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तुम्ही पानाकडे पाहत होतात. मग काकूंनी तुम्हाला आधी वाढलं, आणि तुम्ही जेवायला सुरुवात केलीत.

माझ्यापर्यंत भात आला तेव्हा तो चांगला कढत होता. पण तुम्ही हात धुवायला उठला होतात.

नंतर काय झालं ते वर्तमानपत्रांत आहे. सरकार बदललं, तुमचं खातं गेलं, मसुदा कुठल्या तरी कपाटात राहिला. दुसरा अर्धा आलाच नाही. बिजौलीतला दादाचा कारखाना बंद पडला. तुम्ही पक्षाचे मोठे नेते झालात, देशभर हिंडलात. झाशीला आलात की मला बोलावत राहिलात आणि मी येत राहिले. आपण पाऊसपाण्यावर बोलायचो, माझ्या विद्यार्थ्यांवर बोलायचो. काकू मला आधी वाढायला यायच्या आणि विचारायच्या, "आणलीस का काही?" मी नाही म्हणायची. माझी एक हरकत तुमच्याकडे पडून होती. तिचं उत्तर आल्याशिवाय दुसरी आणायची कशी? तुम्हालाही ते माहीत होतं. तुम्ही कधी "आण" म्हणाला नाहीत.

मागच्या वर्षी तुम्ही दिल्ली सोडून घरी परत आलात. छातीचं दुखणं होतं, राजकारण सुटलं होतं, जिन्यावर धाप लागत होती. पंधरा-वीस दिवसांपूर्वी एका सकाळी तुमचा फोन आला. "तुझा दादा कुठे असतो हल्ली? मला त्याला भेटायचंय."

मी तुम्हाला ऑटोने सीपरी बाजारात नेलं. कित्येक वर्षांनी तुम्ही ऑटोत बसला होतात, आणि चौकाचौकांत "हे कधी झालं?" असं विचारत होतात. दादा ज्या दुकानात बसतो ते दुकान दुसऱ्याचं आहे. तिथे काय विकतात हे मी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. बाहेरच तुम्हाला ते दिसलं. प्लास्टिकच्या बादल्या, निळ्या, लाल, हिरव्या, एकीत एक घातलेल्या, छतापर्यंत.

दादा तुम्हाला पाहून गोंधळला. त्याने स्टूल पुसलं, पाणी मागवलं. तुम्ही बसलात आणि त्याला म्हणालात, "मी तुमच्या बहिणीचा मास्तर. बादल्यांवरचा नियम मी उठवला होता."

"मालूम है सर," दादा म्हणाला. मग त्याला वाटलं तुमच्याशी मराठीत बोलावं, आणि तो शोधून शोधून बोलू लागला. "बिकतात खूप. बायका येतात, दोन-दोन घेऊन जातात. हलकी आहे, स्वस्त आहे. माझ्या घरात पण हीच आहे."

"आणि तुम्ही?"

"मी पण ठीक आहे सर."

"बनवणं बरं होतं की विकणं?"

दादाने एक बादली उगीच सरळ केली. "बनवायचो तेव्हा दिवसभर ठकठक. घरी आलो तरी कानात ठकठक. आई चिडायची, ओरडून बोलतो म्हणून. अब तो शांती है." मग म्हणाला, "ज्यादा ही शांती है, सर."

इतक्यात एक बाई आली आणि भाव करायला लागली. "काय भैया, इत्ती महँगी?" दादा तिच्याशी हसत हसत भांडला, शेवटी तिला बादली दिली आणि वर एक मगही दिला. ती खुशीत गेली. तुम्ही ते सगळं अगदी लक्ष देऊन पाहिलंत, वर्गात एखादा चांगला विद्यार्थी पाहतो तसं. ऑटोत बसताना तुम्ही मागे वळून दुकानाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "ती बाई खरी आहे, मंदा."

"दादाही खरा आहे, सर."

"दोन्ही हातात येईपर्यंत थांबलो असतो, तर पहिलंही झालं नसतं. दिल्लीत थांबणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही."

"मग दुसरं राहिलं त्याचं काय?"

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. तुम्ही माझा हात धरून उतरलात आणि हात सोडला नाहीत. "या रविवारी जेवायला ये," तुम्ही म्हणालात. "ही हरकत परत आण. रीतसर. तुझ्या काकूला भात वाढायला सांगतो. मला त्याचं उत्तर द्यायचं आहे. त्या दिवशी दिलं नाही."

त्या दिवशी. एवढंच म्हणालात. पण तुम्हीही ते जेवण विसरला नव्हतात, हे मला कळलं, आणि ऑटोवाल्यासमोर मला रडू आलं. "काय रे बाबा, पैसे जास्त मागितले का हिच्याकडे?" तुम्ही त्याला विचारलंत. तो बिचारा म्हणाला, "नईं दादाजी, अभी तो कछू माँगे ही नईं."

रविवारच्या आधीच तुम्ही गेलात.

उत्तर काय होतं, सर? मी मनात कितीतरी उत्तरं तुमच्या आवाजात करून पाहिली. एकात तुम्ही म्हणता की चुकलो. ते तुमच्यासारखं वाटत नाही. एकात तुम्ही मला पटवून देता, आणि ते तुमच्यासारखं वाटतं, पण त्यात दादा बसत नाही. तुम्ही मला शिकवलंत की उत्तर येत नसेल तर तयार उत्तर ठोकून देऊ नये. म्हणून मी ते प्रयत्न सोडून दिले आहेत.

आता काल.

आधी ब्राह्मण जेवले, मग घरची पंगत बसली. टेबलं आणतो असं पक्षाची माणसं म्हणत होती, काकू नको म्हणाल्या. सगळ्यांना खाली बसवलं. टीव्हीवर रोज दिसणारे तुमच्या पक्षाचे एक उंच गृहस्थ माझ्यासमोरच होते. तुमची सून वाढायला आली. ते गृहस्थ शेजाऱ्याला तुमच्या त्या निर्णयाबद्दल सांगत होते. चांगलंच बोलत होते, मनापासून. "और देखिए, उनकी बात का वज़न ऐसा था कि एक आदमी ने विरोध नहीं किया."

"किया था," मी म्हणाले.

"जी?"

"मैंने किया था. यहीं बैठकर."

पंगतीतल्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आजच्या दिवशी हे बोलायला नको होतं का? पण सर, तुमच्याबद्दल ते वाक्य खोटं होतं, आणि तुमच्याच घरात होतं.

काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवसांत त्या फार बोलल्याच नव्हत्या. त्या उठून बाहेर आल्या. सुनेच्या हातातून त्यांनी भाताचं भांडं घेतलं. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही कशाला?"

"आजच," काकू म्हणाल्या. आणि मला विचारलं, "पटलंय का तुला अजून?"

"नाही काकू."

"मग आधी तुला."

त्यांनी माझ्या पानावर भात वाढला. वर वरण घातलं, वर तूप. आणि पुढच्या पानाकडे गेल्या नाहीत. ओगराळं डाव्या हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. दिल्लीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कशासाठी थांबायचं हे त्यांना माहीत नव्हतं, पण काकूंचा चेहरा पाहून कोणी हात पुढे केला नाही. काकू खिडकीखालच्या तुमच्या जागेकडे बघत होत्या. तिथे काल कोणालाच बसवलं नव्हतं.

भाताची वाफ आधी सरळ वर जात होती. मग ती वाकडी झाली, मग विरळ झाली, मग दिसेनाशी झाली. तूप मुरलं. बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

काकू वाकल्या. बोटाची उलटी बाजू त्यांनी भाताच्या मुदीला लावली, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच ठेवली.

"निवला," त्या म्हणाल्या.

मग, सर, मी जेवले.